तुक्का की तपास?

गुप्तहेरकथेत खुनी कोण ते शेवटी लेखकच सांगून टाकतो. २०१८ साली आलेल्या ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ या व्हिडिओ गेममध्ये मात्र ते आपणच शोधायचं!

साल १८०७. हरवलेलं जहाज परत आलंय, पण ६० जणांपैकी जिवंत एकही त्यावर नाही. बोलण्याची ढब, कपडे, झोपायच्या झोळीवरचा आकडा यांवरून प्रत्येकाचं नाव आणि त्याचं काय झालं ते ओळखायचं. तिघांचं अचूक जुळलं, तरच गेम ते मान्य करतो. मी तर वही-पेन्सिल घेऊनच बसतो!

चीड एकाच गोष्टीची येते. दोघांची खात्री असली, की तिसऱ्याच्या नावावर तुक्के मारत राहिलं तरी जमून जातं. गेम फसतो, पण आपलं मन थोडंच फसतं? पुरावा सापडल्याचा आनंद तुक्क्यात कुठला!