उलटी उघाडी

आजोबांच्या तिकिटांच्या वहीत बेल्जियमचं एक तिकीट होतं, १९१९ सालचं. त्यावरच्या राजाच्या डोक्यावर मुकुट नव्हता, खंदकातल्या शिपायाचं लोखंडी शिरस्त्राण होतं. "मुकुट गहाण पडला असेल," असं आजोबा म्हणायचे. बेल्जियमच्या राजाला राज्याभिषेकच नसतो, तो संसदेपुढे नुसती शपथ घेतो, हे मला फार नंतर कळलं. त्या पहिल्या अल्बर्टपायी साठी उलटल्यावर मी नोव्हेंबरात दे पानच्या किनाऱ्यावर उतरलो.

उतरलो ते एका घरगुती लॉजवर. जिना इतका अरुंद की बॅग आधी आणि मी मागून. खिडकी बंद होईना, त्यामुळे रात्रभर उत्तर समुद्र उशाशी. याच गावात एका बंगल्यात राजा-राणीनं पहिल्या महायुद्धाची वर्षं काढली, असं मनाला बजावत पांघरूण डोक्यावर घेतलं.

ब्रुजचे कालवे पाहिले, सगळे पाहतात तसेच. ईपरच्या मेनिन गेटवर हिंदुस्थानी शिपायांची नावं वाचताना मान अवघडली. मला ओढ होती निऊपोर्टची. किनाऱ्यालगतची ट्राम दे पानहून तिथे नेते.

ऑगस्ट १९१४मध्ये जर्मन फौजा बेल्जियममध्ये घुसल्या. ऑक्टोबरात अँटवर्प पडलं. मंत्रिमंडळ फ्रान्समध्ये ल हाव्रला गेलं. राजा मात्र थकलेलं सैन्य घेऊन इझर नदीवर थांबला. त्याच्या हाती उरला होता देशाचा एक चिंचोळा तुकडा, आणि मागे फ्रान्सची सरहद्द.

निऊपोर्टला इझर नदी आणि आसपासचे कालवे एका ठिकाणी समुद्राच्या खाडीला मिळतात. त्या जागेला 'हंसाचा पाय' म्हणतात. प्रत्येक बोटाला पाणदरवाजे. एका जुन्या दरवाज्यातून पाणी सोडून पाहिलं होतं, पण ते पुरेना. मग २९ ऑक्टोबरच्या रात्री हेन्ड्रिक गेरार्ट नावाच्या नावाड्यानं शिपायांच्या सोबतीनं नोर्डफार्टचे दरवाजे भरतीला उघडले आणि ओहोटी लागण्याआधी लावून घेतले. पुढच्या रात्री पुन्हा तेच. पलीकडे रेल्वेचा भराव बांधासारखा उभा होता. त्याखालच्या मोऱ्या सैन्यानं आधीच बुजवल्या होत्या. पाणी नदी आणि रुळांच्या मधल्या शेतांत चढत गेलं. दोन दिवसांत जर्मनांना मागे फिरावं लागलं.

मी पेणचा. आमच्या खारबंदिस्तीला उघाडी असते. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला झडप बंद. खारं आत आलं की पुढची किती पिकं गेली, ते विचारायचं नाही. गेरार्टनं नेमकी उलटी उघाडी चालवली. माझ्या चुलत्यांनी हे ऐकलं असतं तर आधी त्याला शिव्या घातल्या असत्या. दुपारी डिक्समाउडेचा मनोरा पाहायचा होता, तो राहिला. पाणी फिरेपर्यंत मी दरवाज्यापाशीच बसून होतो.

शेजारीच १९३८ सालचं राजाचं स्मारक आहे. विटांच्या खांबांचं प्रचंड कडं आणि मधोमध घोड्यावर अल्बर्ट. राजा म्हटला की घोडा, आपल्याकडेही तेच. पण याची कीर्ती दौडण्याची नाही, जागा न सोडण्याची आहे.

इथेच माझं बार्बरा टकमनबाईंशी भांडण आहे. त्यांच्या 'द गन्स ऑफ ऑगस्ट'मध्ये अल्बर्ट ताठ, निर्भय, आणि पुस्तक मार्नच्या लढाईपाशी संपतं. खरा अल्बर्ट तिथून पुढे सुरू होतो. त्यानं सैन्य मित्रराष्ट्रांच्या हाती दिलं नाही. फुकटच्या चढायांत माणसं मारू द्यायची नाहीत, हा त्याचा हेका. १९१५-१६च्या हिवाळ्यात तर त्यानं आपल्या विश्वासातल्या वाक्सवायलरला राणीच्या मेहुण्याकडे, म्हणजे जर्मनांच्या गोटात, तहाचा अंदाज घ्यायला गुपचूप पाठवलं. स्मारकातल्या वाटाड्याला मी हे विचारलं, तर त्यानं घड्याळाकडे पाहिलं. मला मात्र त्यामुळे राजा कमी वाटला नाही, उलट जास्त पटला. शपथ फ्रेंचबरोबर डच भाषेतही घेणारा तो पहिला राजा, तरी डच बोलणाऱ्या शिपायांवर फ्रेंच बोलणारे अधिकारी, हे दुखणं त्याच्याही सैन्यात होतंच.

१७ फेब्रुवारी १९३४ रोजी मार्श-ले-दामला एकटाच कडा चढताना तो पडून गेला. वय ५८. घातपाताच्या वावड्या उठल्या त्या उठल्याच.

परतताना नाण्यांच्या एका दुकानात १९५०च्या मालिकेतली हजार फ्रँकची नोट मिळाली. पुढे राजा आहे. मागे गेरार्ट आणि त्याचे दरवाजे.