विषय क्रमांक सात: गटार

ग्रामपंचायतीच्या मासिक सभेची नोटीस शिपाई घरी आणून देतो आणि वहीत सही घेतो. सभेआधी तीन पूर्ण दिवस ती हातात पडावी असा नियम आहे. घोटीत सदस्य म्हणून निवडून आले तेव्हा पहिले काही महिने मी ती नोटीस पुनःपुन्हा वाचायचे. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मागील महिन्याच्या जमाखर्चास मंजुरी देणे. शासनाची परिपत्रके वाचणे. मग आलेले अर्ज, आणि सगळ्यांत शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. कुठल्या विषयाला किती वेळ लागेल याचा अंदाज मी मनाशी बांधायचे आणि दर वेळी तो उलटा निघायचा. धरण, महामार्ग, रेल्वे असले विषय चहा यायच्या आत संपायचे. चहा गार व्हायचा तो गटारीवर.

घोटी कागदावर गाव आहे. मुंबई-आग्रा महामार्ग इथून जातो, रेल्वे इथून जाते, सिन्नरचा रस्ता इथून फुटतो, भंडारदऱ्याला आणि कळसूबाईला निघालेली शहरातली मंडळी इथेच वळतात. भाताच्या गिरण्यांमुळे तांदूळ घ्यायला लांबून गिऱ्हाईक येतं. आठवडे बाजाराला डोंगरातल्या वाड्यापाड्यांवरची माणसं उतरतात, त्या दिवशी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. शेजारच्या इगतपुरीला नगरपरिषद आहे. आमचा कारभार मात्र १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमावर चालत आलेला. सदस्य सतरा, त्यांत निम्म्या जागा बायकांच्या. सभागृहात सदस्यानेच बसायचं, त्यामुळे आम्हा काहीजणींचे नवरे बाहेरच्या बाकावर बसून सभा ऐकायचे. घोटीची नगरपंचायत व्हावी की नाही, ही चर्चा त्या बाकावर चालायची. एक म्हणायचा, झाली तर निधी वाढेल. दुसरा म्हणायचा, घरपट्टीही वाढेल आणि रोजगार हमीची कामं जातील. दोघांचंही खोटं नव्हतं, म्हणून ती चर्चा माझ्या मुदतीत तरी संपली नाही.

आत आमच्याकडे मोठे विषय यायचे ते असे. टोलनाक्यावर स्थानिकांच्या गाड्या सोडाव्यात. अमुक गाडीला घोटी स्टेशनात थांबा मिळावा. समृद्धी महामार्गाचा भरवीर ते इगतपुरी टप्पा २०२४ च्या मार्चमध्ये सुरू झाला, तेव्हा त्या रस्त्याचा आपल्या व्यापाराला फायदा होणार की गिऱ्हाईक वरच्या वर निघून जाणार, यावर सगळे हिरिरीने बोलले. पण बोलणं एकाच बाजूचं होतं. भांडायला समोर कोणी नव्हतं.

पाण्याचंही तेच. आमच्या इगतपुरी तालुक्यात दारणा आहे, १९१६ सालचं, इंग्रजांनी बांधलेलं. मुकणे आहे, भावली आहे, वैतरणा आहे. दारणेचं पाणी नांदूर मधमेश्वरला जाऊन कालव्यांनी पार कोपरगाव-राहात्याकडे जातं. मुकणेचं नाशिक शहराला जातं. वैतरणेचं मुंबईला जातं. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या वाड्यांवर बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. भावलीचं पाणी शहापूर तालुक्याला न्यायची योजना निघाली तेव्हा तर तालुक्यात फार संताप होता. असा विषय सभेत निघाला की सगळे गट एक व्हायचे. एकमेकांचं तोंड न बघणारे दोन सदस्य, एक सूचक आणि एक अनुमोदक. ‘सर्वानुमते मंजूर. सदर ठरावाची प्रत संबंधित विभागाकडे पाठवण्यात यावी.’ प्रत जायची. पाणीही जायचं.

मी सुरुवातीला या एकीने भारावून जायचे. घरी येऊन सांगायचे, आज सगळे एका आवाजात बोलले. सासरे हसायचे. ते जुन्या काळी पंच होते. म्हणायचे, ‘‘ज्यात आपल्याला काही करता येत नाही, त्यात आपलं नेहमीच जमतं.’’ मला ते कडवट म्हाताऱ्याचं बोलणं वाटायचं. मग माझ्याच वॉर्डातली गटार सभेपुढे आली.

आमच्या गल्लीत उतार आहे. वरच्या आळीचं सगळं पाणी आमच्याकडून खाली जातं. जुनी दगडी गटार होती, ती कधीच बुजलेली. जुलैत पाण्याचा लोंढा आला की तो थेट खालच्या पाच-सात घरांत. ती घरं मोलमजुरी करणाऱ्यांची. तिथली एक आजी पावसाळाभर पीठ-मीठ, धान्य, कागद, सगळं माळ्यावर ठेवायची आणि स्वतः खाटेवर पाय घेऊन बसायची. मत मागायला गेले तेव्हा तिने मला एवढंच विचारलं होतं, ‘‘ताई, पाण्याचं काय?’’ मी हो म्हटलं होतं. उमेदवार दुसरं काय म्हणणार!

पैसा हा प्रश्न नव्हता, आणि हे मुद्दाम सांगते, कारण ग्रामपंचायतीकडे पैसाच नसतो असा लोकांचा समज असतो. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी थेट पंचायतीच्या खात्यावर येत होता. त्यातला साठ टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्चायचा. सांडपाण्याची गटार त्यात चपखल बसत होती. आराखड्यात नाव होतं, अंदाजपत्रक झालं होतं. अडचण दोन फुटांची होती. गटारीला लागणारी ती दोन फूट जागा आता घरांच्या खाली होती. कोणी ओटा पुढे घेतलेला, कोणी मोरी काढलेली, एकाने मोटरसायकल चढवायला सिमेंटचा उतार केलेला. आणि माझ्या चुलत दिराचा जिना. लोखंडी, गोल वळणाचा, बरोबर गटारीवर उतरणारा.

सभेत विषय क्रमांक सात. ग्रामसेवकांनी वाचला आणि खोलीत अशी शांतता झाली की बाहेरच्या बाकावरचे नवरे आत डोकावले.

पहिले अण्णा बोलले. सगळ्यांत ज्येष्ठ. ‘‘गटार झालीच पाहिजे,’’ म्हणाले, ‘‘पण कोणाला दुखवून नको.’’ यावर सगळ्यांनी माना हलवल्या. मग एकजण म्हणाला, गटार दुसऱ्या बाजूने न्या. दुसऱ्या बाजूला त्याच्या विरोधी गटाच्या माणसाचं किराणा दुकान. लगेच तिकडचा सदस्य उठला. आधी तुमच्या आळीतली अतिक्रमणं काढा, मग आमच्या दुकानाकडे बघा. एकाने २०१९ ची मोजणी मागितली. दुसरा म्हणाला, मोजणीच चुकीची होती. तिसऱ्याने विषय पुढच्या सभेवर ढकलावा असं सुचवलं, आणि त्या सूचनेला क्षणात इतके अनुमोदक मिळाले की मला सासऱ्यांचं बोलणं आठवलं.

मी म्हटलं, कलम ५३ प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावरचं अतिक्रमण काढायचा अधिकार पंचायतीला आहे. नोटीस द्यायची, मुदत द्यायची, काढायचं. हे वाक्य मी घरी पाठ करून आले होते. ते संपायच्या आत समोरून आवाज आला, ‘‘ताई, कलम ५३ वाचलं तसं कलम १४ पण वाचा की. जिना कोणाचा आहे?’’

कलम १४ म्हणजे सदस्याच्या अपात्रतेचं. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणाऱ्याला सदस्य राहता येत नाही. त्यात सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जनाबाईंच्या खटल्यात निकाल दिलेला, की अतिक्रमण सासऱ्याने-नवऱ्याने केलेलं असलं तरी त्याच घरात राहून त्याचा उपभोग घेणारी सदस्यही अपात्र. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या प्रत्येक पंचायतीत हा निकाल कोणाच्या ना कोणाच्या खिशात घडी करून ठेवलेला असतो. माझं घर दिराच्या घरापासून कागदावर वेगळं होतं, मालमत्तेची नोंद वेगळी, चूल वेगळी. भिंत मात्र एक. टोमणा मारणाऱ्याला तेवढंच पुरेसं होतं.

मला राग आला, पण त्याचा फारसा नाही. सभेत असंच बोलतात. राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. खोलीतल्या अर्ध्याअधिक लोकांचे ओटे, पायऱ्या, पत्र्याच्या शेड अशाच कुठेतरी पुढे आलेल्या होत्या, आणि त्यामुळेच कोणी कोणाला काही म्हणत नव्हतं. धरणाच्या पाण्यावरची एकी आणि ही गप्प बसण्यातली एकी, दोन्हींना इतिवृत्तात एकच शब्द आहे. सर्वानुमते.

मी म्हटलं, ‘‘लिहून घ्या. जिना माझ्या दिराचा आहे. नोटीस पहिली त्यांना काढा. मग यादीप्रमाणे खाली या.’’

हे बोलणं शौर्याचं वाटेल, पण त्यात हिशोब होता. पहिलं नाव माझ्या घरचं असलं तर दुसऱ्या नावाला हरकत घ्यायला तोंड राहत नाही. सरपंचांच्या ते लगेच लक्षात आलं. त्यांनी ग्रामसेवकांकडे पाहिलं, ग्रामसेवकांनी पेन उघडलं. अनुमोदक मिळायला तरीही वेळ लागला. शेवटी हात वर केला तो आदिवासी वस्तीतून निवडून आलेल्या सदस्य बाईंनी. त्या सभेत सहसा बोलत नसत. ‘‘आमच्याकडे ओटेच नाहीत,’’ एवढंच म्हणाल्या. सगळे हसले, त्याही हसल्या.

त्या दिवशी घरी काय झालं ते थोडक्यात. दीर जेवायला आला नाही. जाऊबाईंनी दोन महिने माझ्याशी बोलणं टाकलं आणि हळदीकुंकवाला मला सोडून सगळ्यांना बोलावलं. नवरा मधल्यामधे. तो म्हणाला, ‘‘धरणाबद्दल बोलायचं ना, त्यात काय कोणाचं जात नव्हतं.’’ तो चेष्टेत म्हणाला की मनापासून, हे मी विचारलं नाही.

नोटिसा निघाल्या तोवर आवणी सुरू झाली. भातलावणीच्या दिवसांत आमच्याकडे सभा भरणं मुश्कील. निम्मे सदस्य हजर असल्याशिवाय गणपूर्ती होत नाही, आणि चिखलात उभा माणूस सभेला कसला येतो! एक सभा तहकूब झाली. पुढच्या सभेत विषय सातचा विषय अकरा झालेला. मी ओरडले. ग्रामसेवक म्हणाले, ‘‘मॅडम, क्रमांकाने काही होत नाही.’’ मी म्हटलं, होतं. अकराव्या विषयापर्यंत अर्धी माणसं उठून गेलेली असतात. त्यांनी क्रमांक बदलला. मासिक सभेचं राजकारण पुष्कळसं या क्रमात असतं, हे मला कोणी प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं. यशदाच्या प्रशिक्षणात घटनेची त्र्याहत्तरावी दुरुस्ती शिकवली, अकराव्या अनुसूचीतले एकोणतीस विषय शिकवले. एकोणतीस विषयांत जिना नव्हता.

ओटे कसे निघाले हे ऐकायला सोपं आहे, व्हायला फार अवघड गेलं. कोणाचाच ओटा पूर्ण पाडला नाही. दिवाळीनंतर अण्णांनीच मार्ग काढला. ‘कोणाला दुखवून नको’ म्हणणारे अण्णा त्या सभेत मला पळपुटे वाटले होते. पण ते रोज संध्याकाळी एकेका घरी जाऊन बसले, चहा प्यायले, आणि दोन फुटांऐवजी दीड फुटावर लोकांना आणलं. गटार बंदिस्त करायची, वर ढापे टाकायचे, ढाप्यावर पायरी ठेवायची ती उचलता येईल अशी. अभियंत्याने खोली वाढवून मापं बसवून दिली. जे सभेत कलमाने होत नव्हतं ते ओट्यावर बसून झालं, पण नोटीस हातात नसती तर अण्णांना कोणी चहाही विचारला नसता, असं माझं अजूनही मत आहे. अण्णांचं मत वेगळं आहे. त्यांच्या मते नोटिशीने काम चार महिने लांबलं.

दिराचा जिना मागच्या बाजूला गेला. तिकडे त्याची स्वतःची जागा होती, ती पहिल्यापासूनच होती.

काम मार्चमध्ये पुरं झालं. त्या पावसाळ्यात खालच्या घरांत पाणी शिरलं नाही. एका रात्री चढलं होतं, पण उंबऱ्याशी थांबलं. आजीने माळ्यावरचं धान्य मात्र खाली काढलं नाही. म्हणाली, ‘‘एक साल बघू दे.’’ मला ते आवडलं. ठरावापेक्षा पावसाची साक्ष तिला जास्त पटत होती.

आणि ऑगस्टच्या मासिक सभेत आलेल्या अर्जांमध्ये एक अर्ज दिराचा होता. गटारीवरचे दोन ढापे ट्रॅक्टरने फुटले आहेत, ते बदलून मिळणेबाबत. ट्रॅक्टर कोणाचा, हे अर्जात नव्हतं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, खर्च ज्याच्या ट्रॅक्टरने फुटले त्याच्याकडून वसूल करावा. तर अण्णा म्हणाले, ट्रॅक्टर त्यांच्या पुतण्याचा आहे. मग त्या विषयावर पाऊण तास गेला.