विरजण मातीचं

वर्धा जिल्ह्यातल्या त्या घरात विरजण कधी विकत आणावे लागले नाही. रात्री दूध कोमट झाले की सासूबाई वाटीत राखून ठेवलेले चमचाभर दही त्यात घालत आणि पातेले झाकून ठेवत. त्याच घरात दर वर्षी मृगाच्या आधी खतांच्या पोत्यांसाठी मात्र सोसायटीचे कर्ज काढावे लागे. सहा एकर काळी जमीन. कपाशी, सोयाबीन, थोडी तूर. पोती वाढत होती, पीक वाढत नव्हते. पाऊस पडला की पाणी वरच्या वर वाहून जाई आणि उघडीप मिळाली की जमीन दगडासारखी होई.

नवरा तालुक्याच्या गावी नोकरीला. त्यामुळे शेतीचा हिशेब सूनच लिहायची. वहीतले आकडे तिला स्वस्थ बसू देईनात. एक दिवस धीर करून ती सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, एक एकर मला द्या. रासायनिक खत घालणार नाही. जीवामृत करून पाहते."

मामाजींनी पानाचा डबा बाजूला सारला. "सूनबाई, शेण-गुळाच्या पाण्यानं पोट भरत असतं तर आम्ही इतकी वर्षं पोती कशाला वाहिली?" पण सुनेचा शब्द त्यांना मोडवला नाही. बांधाकडचा एकर तिला मिळाला.

कृती तिने वाचली होती. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी ती देशभर पोचवली आणि २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०० लिटर पाण्यात १० किलो ताजे शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरच्या झाडाखालची मूठभर माती. शेणात आणि त्या मातीत जीवाणू असतात. गूळ आणि बेसन हा त्यांचा खाऊ. पाणी विहिरीचे घ्यायचे, कारण नळाच्या पाण्यातले क्लोरीन जीवाणूंना मारते. कडुनिंबाच्या सावलीत पिंप ठेवून वर पोते झाकायचे, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचे. दोन दिवसांत ते आंबते. मग जमिनीत ओल असताना, ऊन उतरल्यावर द्यायचे.

सुनेने सगळे जसेच्या तसे केले. तरीही भादव्यात तिची कपाशी पिवळी पडली. शेजारच्या एकरात सहा क्विंटल कापूस निघाला, तिच्यात जेमतेम साडेतीन. गावात कुजबुज झाली. मामाजी काही बोलले नाहीत, पण वहीत तो आकडा लिहिताना तिचा हात थरथरला. अडीच क्विंटलचे पैसे म्हणजे सोसायटीचा हप्ता होता.

त्या रात्री ती स्वयंपाकघरात डोळे पुसत बसली होती. सासूबाई विरजणाची वाटी घेऊन चुलीपाशी आल्या. पातेले रिकामे होते. दूध संध्याकाळीच संपले होते. वाटी परत फडताळात ठेवता ठेवता त्या सहज म्हणाल्या, "दूधच नाही, तर विरजण कशाला लावू?"

सून चमकली. तिने विरजण घातले होते, पण दूध कुठे होते? पिंपातले जीवाणू शेतात गेले, पण तिथे त्यांना खायला काय होते? दर वर्षी पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर पेटवल्या जात. सोयाबीनचे कुटार खळ्यावरच जळे. जमिनीतून घेतलेले जमिनीला परत मिळतच नव्हते. पाळेकरांच्या पद्धतीत आच्छादनही सांगितले आहे. नेमके तेवढेच तिने सोपे समजून सोडून दिले होते.

तिने मातीचा नमुना तपासून आणला. सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्याही खाली होता, म्हणजे कमीच. मग तिने हट्ट सोडला. रासायनिक खत एकदम बंद न करता अहवालाप्रमाणे द्यायचे आणि वर्षावर्षाने कमी करायचे ठरले. जीवाणू मातीत अडकून बसलेले स्फुरद मोकळे करतात, काही जण हवेतला नत्रही धरतात. पण जे मातीत नाहीच, ते स्फुरद आणि पालाश ते कुठून आणणार?

पऱ्हाट्यांचा प्रश्न तिच्याही आधी कोणाला तरी पडला होता. इंदूरच्या संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेतातला काडीकचरा आणि शेण यांचे थर रचून खत करण्याची पद्धत बसवली आणि १९३१ साली तिच्यावर पुस्तक लिहिले. तिथे कडक पऱ्हाट्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चुरून घेत. सुनेनेही तेच केले. बोंडअळीच्या भीतीने किडकी बोंडे आधी वेचून जाळली, पऱ्हाट्या गाडीवाटेवर टाकल्या आणि चुऱ्याचा शेणाबरोबर ढीग रचला. त्यावर पिंपातले पाणी शिंपले. कुटार पिकाच्या तासांमध्ये पसरले. कपाशीत तुरीच्या ओळी घातल्या, बियाण्याला रायझोबियम चोळून.

दुसऱ्या वर्षी फारसा फरक दिसला नाही. तिसऱ्या वर्षी श्रावणात मामाजी तिच्या एकरात थांबले. आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला होता. शेजारच्या वावरात पाणी साचले होते, इथे ते मुरले होते. त्यांनी तुरीचे एक रोप उपटले. मुळांवर गाठी होत्या. सुनेने एक गाठ नखाने फोडून दाखवली. आत गुलाबी रंग. "मामाजी, गुलाबी म्हणजे काम चालू आहे. हवेतला नत्र धरून राहिलीय ती." त्यांनी मातीचा गोळा हातात घेऊन चुरला. तो रव्यासारखा सुटला, त्यातून एक गांडूळ वळवळत बाहेर आले. मामाजींनी माती नाकाशी नेली आणि बराच वेळ ते तसेच उभे राहिले.

त्या साली तिचा कापूस शेजारच्या एकराच्या बरोबरीने निघाला, खताचा खर्च मात्र निम्म्यावर आला. फार मोठा चमत्कार नव्हे. पण वहीत तो आकडा लिहिताना तिचा हात थरथरला नाही.

पुढच्या मृगाआधी एका संध्याकाळी ती अंगणात आली, तर कडुनिंबाखाली दुसरे पिंप उभे होते. मामाजी त्यात काठी फिरवत होते. तिला पाहून जरा ओशाळले आणि रिकामी वाटी पुढे करून म्हणाले,

"सूनबाई, तुझ्या एकरातली मूठभर माती आणून दे. विरजण हवं आहे."