नामा एक कीं दोन?

वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं गणेशोत्सवांत दोन आरत्या हटकून म्हटल्या जातात. एक ‘युगें अठ्ठावीस’, दुसरी ‘येई हो विठ्ठले’. पहिलीच्या अखेरीस नामदेवांचें नांव येतें, दुसरीच्या अखेरीस विष्णुदास नामा असें येतें. तोंपर्यंत मोठ्या मंडळींचें लक्ष निरांजनाकडे व मुलांचें प्रसादाकडे लागलेलें असतें. त्यामुळें हीं दोन नांवें एकाच माणसाचीं कीं दोघांचीं, हें कोणी विचारीत नाहीं. हिंगोली जिल्ह्यांतील नर्सीस जाण्याचा योग आला, तेव्हां हा प्रश्न आम्हीं बरोबर नेला.

हिंगोली पूर्वीं परभणी जिल्ह्यांत मोडत असे; १ मे १९९९ पासून तो स्वतंत्र जिल्हा झाला. निजामी अमलांत हिंगोलीस हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. त्या छावणींत कापडाचा व्यापार करणारा एक प्रतिष्ठित गृहस्थ प्रत्यक्षांत ठगांचा म्होरक्या होता, ही हकीकत स्लीमनच्या कागदपत्रांत नमूद आहे. खऱ्या नांवाचा शोध घेण्यास गांव तसें वाईट नाहीं!

नर्सी हें गांव कयाधू नदीच्या आश्रयानें वसलें आहे. सभोंवार काळी जमीन. हळद, तूर, सोयाबीन हीं पिकें. आम्ही गेलों तो साधाच दिवस होता, म्हणून मंदिर निवांत पाहतां आलें. खरी गर्दी होते ती आषाढ वद्य एकादशीस. पंढरीची वारी करून परतलेले वारकरी त्या दिवशीं येथें जमतात आणि तिला परतवारी म्हणतात. पंढरीच्या देवळाच्या पायरीशीं ज्यानें आपली जागा मागून घेतली, त्याच्या जन्मगांवीं जाऊन मगच घर गांठावयाचें, ही कल्पना आम्हांस फार गोड वाटली. नांदेडच्या हुजूरसाहिबास येणारे शीख यात्रेकरूही येथें येतात. आदिग्रंथांत नामदेवांचीं ६१ पदें आहेत, आणि तो ग्रंथ सिद्ध झाला १६०४ सालीं. आपला शिंपी संत पंजाबांत कोणत्या मानानें नांदतो, हें पुष्कळ मराठी माणसांस २०१५ सालीं घुमानला साहित्य संमेलन भरलें तेव्हांच कळलें.

आतां जन्मगांवाचा पुरावा काय? नामदेवांचा जन्म शके ११९२ चा, म्हणजे १२७० सालचा मानतात, आणि त्यास आधार आहे तो त्यांच्याच नांवावर असलेल्या आत्मचरित्रपर अभंगांचा. नरसी गांवाचा उल्लेखही त्यांतलाच. कृष्णाकांठच्या बहे-नरसिंगपुराच्या अभिमान्यांनीं ह्याच नांवावरून आपला हक्क सांगितला आहे, तर कित्येक विद्वान् पंढरपूरच जन्मस्थान मानतात. मराठवाड्यांतील नर्सीकडे परंपरेचें व लोकमानसाचें वजन आहे, आणि आमचा कौलही तिच्याकडेच. तरीही एक गोष्ट नजरेआड करतां येत नाहीं. अभंग नामदेवांचा असेल तर साक्ष स्वतः नामदेवांची. तो मागाहून कोणा दुसऱ्या नाम्यानें रचिलेला असेल तर साक्ष ऐकीव. गांवाचा मान अखेर एका सहीवर येऊन ठेपतो.

ही सही म्हणजे मुद्रा. आधुनिक लेखक टोपणनांव घेतो तें बहुधा स्वतःस झांकण्यासाठीं. जुना संतकवि शेवटच्या चरणांत नांव घालतो तें अभंग कोणाच्या परंपरेंतला हें ऐकणाऱ्यास कळावें म्हणून. त्यामुळें थोराच्या मुद्रेनें पद रचणें ही फसवणूक कोणास वाटली नाहीं. नामदेवांच्या बाबतींत तर त्यास निमित्तही होतें. शतकोटि अभंग रचण्याची त्यांची प्रतिज्ञा अपुरी राहिली, आणि स्वप्नांत येऊन त्यांनीं उरलेलें काम तुकोबांकडे सोपविलें, अशी संप्रदायाची श्रद्धा. तुकोबांनीं आपल्या अभंगांवर आपलेंच नांव घातलें. इतर पुष्कळांनीं घातलें नसावें. शासनानें १९७० सालीं छापलेल्या नामदेव गाथेंत दोन हजारांहून अधिक अभंग आहेत. ते सारे एका माणसाचे, असें छातीठोकपणें म्हणणारा अभ्यासक आज विरळा. क्रिश्चियन नोवेत्स्के ह्या अमेरिकन अभ्यासकानें २००८ सालच्या आपल्या ग्रंथांत ‘नामदेव’ हें नांव कीर्तनपरंपरेनें पिढ्यान्‌पिढ्या एकत्र वागविलेलें कर्तृत्व म्हणून पाहिलें आहे.

आम्हांस हें मत विचार करण्याजोगें वाटतें, पण पुरतें पटत नाहीं. कारण ह्या नांवाआड एक खराखुरा दुसरा माणूस उभा आहे. विष्णुदास नामा ह्या नांवाचा कवि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, एकनाथांच्या काळांत होऊन गेला. त्याचें शुकाख्यान प्रसिद्ध आहे, आणि महाभारताचीं पर्वें त्यानें ओवीबद्ध केलीं तीं मुक्तेश्वराच्या आधीं. हा काव्यविस्तार तेराव्या-चौदाव्या शतकांतील पंढरीच्या शिंप्याचा नव्हे, हें भाषेवरूनच उघड होतें. ज्ञानेश्वरीची मराठी ज्यानें एकदां कानांत साठविली, त्यास तीनशें वर्षांचें अंतर सांगावें लागत नाहीं.

घोटाळा सुरू होतो तो अभंगांत. ‘विष्णुदास’ हें विशेषनाम आहे तसें विशेषणही आहे. विष्णूचा दास असा नामा, असें स्वतःस म्हणवून घेण्यास थोरल्या नामदेवांस कोणाची आडकाठी होती? म्हणून ही मुद्रा दिसली कीं अभंग उचलून धाकट्याच्या पदरांत टाकावा, हा सोपा मार्ग चुकीचा. ज्ञानदेव, गोरोबा, चोखोबा ह्यांच्या सहवासाचा जिव्हाळा कोठें आहे, शब्दांचीं रूपें किती जुनीं आहेत, अभंग जुन्या वहींत सांपडतो कीं केवळ छापील गाथेंत, हें एकेका पदास विचारावें लागतें. आणि भाषेची कसोटीही दुधारी आहे. मुखोमुखीं चाललेला अभंग गाणाराबरोबर नवा होत जातो. रामकृष्णपंत भांडारकरांनीं १९१३ सालच्या आपल्या ग्रंथांत नामदेवांची भाषा ज्ञानेश्वरीहून फार नवी म्हणून नामदेवांनाच सुमारें शतकभर अलीकडे ओढलें. भाषा अलीकडे आली ती गाणारांच्या तोंडून, हा खुलासा आम्हांस अधिक सयुक्तिक वाटतो.

अशा वादांत एक गंमतही घडून गेली आहे. १८९८-९९ च्या सुमारास ‘सुधारक’ पत्रांत ‘भारद्वाज’ ह्या सहीनें लेख येऊं लागले. ज्ञानेश्वरी लिहिणारा ज्ञानदेव निराळा आणि विठ्ठलाचे अभंग रचणारा निराळा, असें त्यांत प्रतिपादन होतें. ज्ञानेश्वरींत विठ्ठलाचा उल्लेख नाहीं, अभंगांत तर जिकडे तिकडे विठ्ठलच, हा त्यांचा मुख्य मुद्दा. महाराष्ट्रांत मोठी खळबळ उडाली. बहुतेक विद्वानांनीं पुढें एकच ज्ञानदेव मानला. पण नांवामागचा माणूस कोण, असें धीटपणें विचारणारा हा लेखक स्वतः मात्र टोपणनांवाआड होता! ते गृहस्थ म्हणजे शिवराम एकनाथ भारदे.

नर्सीहून आम्ही औंढा नागनाथास गेलों. येथेंच विसोबा खेचरांनीं पिंडीवर पाय ठेवून नामदेवांस बोध केला असें सांगतात. नामदेवांचें कीर्तन ऐकण्यास देऊळ फिरलें, म्हणून नंदी मागें राहिला, हीही कथा तेथलीच. हेमाडपंती पाया व खालचे दगडी थर, वर मागाहून चढविलेलें शिखर, अशी देवळाची घडण आहे. एकाच वास्तूंत दोन काळांचे हात, आणि दर्शनास येणारास त्याची दिक्कत वाटत नाहीं.

ओवरीच्या सावलींत एक वयोवृद्ध वारकरी बसले होते. त्यांस आम्हीं दोन नाम्यांची गोष्ट सांगितली. ते हंसून म्हणाले, “महाराज, दोघांनींही विठोबाचेंच नांव घेतलें ना? मग वांटणी कशाला?”

आम्ही म्हणालों, “बोवा, थोरल्याचें कांहींच कमी होत नाहीं. पण धाकट्यानें महाभारत मराठींत आणलें, आणि थोरल्याच्या नांवाखालीं तो बिचारा पार दडपला गेला. त्याच्या आरतीवरही लोक दुसऱ्याचें नांव सांगतात.”

म्हातारबोवा थोडा वेळ कांहीं बोलले नाहींत. मग त्यांनीं विचारलें, “तें महाभारत आमच्या गांवांत सप्ताहाला लावायचें म्हटलें, तर पोथी कोठें मिळेल?”

बहुतेक भाग जुन्या हस्तलिखितांच्या संग्रहांतून पहावा लागेल, असें आम्हीं त्यांस सांगितलें. त्यांनीं कनवटीचा कागद काढून आमच्यापुढें धरला आणि कवीचें नांव नीट लिहून द्यावयास सांगितलें.