हॅकनींतील आयांचें घर

विलायतेस जाणाऱ्या आपल्या मंडळींची प्रेक्षणीय स्थळांची यादी बहुधा ठरलेली असते. टॉवर, ब्रिटिश म्यूझियम, वेस्टमिन्स्टर, आणि मनुष्य मराठी असल्यास मेडा व्हेल भागांतील हाउली प्लेस येथील दहा क्रमांकाचें घर. लोकमान्य टिळक १९१८-१९ सालीं येथें राहत होते, असें त्या घरावरील निळी पाटी सांगते. आम्हींही ती पाहिली व हात जोडले. परंतु लंडनच्या मुक्कामांत जी वास्तु आमच्या मनांत कायमची राहिली, ती या यादींत नव्हती. पाटी तिच्यावरही आहे. मात्र त्या पाटीवर कोणाही व्यक्तीचें नांव नाहीं.

आम्ही उभयतां लंडनला गेलों तें देशाटनासाठीं नव्हे. चिरंजीव व सूनबाई दोघेंही नोकरी करणारीं, आणि नात अवघी दहा महिन्यांची. तिच्याजवळ राहावें म्हणून सहा महिन्यांकरितां गेलों. हिवाळ्यांत चार वाजतां अंधार पडे. शेजाऱ्याची ओळख नाहीं, बोलावयास कोणी नाहीं. मुलीला मांडीवर घेऊन खिडकीशीं बसावें आणि रस्त्यावरचे दिवे मोजावे. घर पोटच्या मुलाचें, तरी कोणती वस्तु कोठें ठेवावी हें विचारल्यावांचून हात पुढें होत नसे. एके दिवशीं आमची मंडळी हसून म्हणाली, “अहो, आपण इथें आलों तें आजी-आजोबा म्हणून, कीं आया म्हणून?” प्रश्न थट्टेचा खरा, पण त्यामुळेंच हॅकनींतील त्या घराविषयीं पूर्वीं वाचलेलें आठवलें, आणि येत्या रविवारीं तेथें जाण्याचें ठरलें.

लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकावरून आगगाडी घेतली व लंडन फील्ड्सला उतरलों. मेअर स्ट्रीट हा तेथील गजबजलेला रस्ता. त्याला किंग एडवर्ड्स रोड येऊन मिळतो. या रस्त्यावरील सव्वीस क्रमांकाचें विटांचें जुनें घर म्हणजे एके काळचें ‘आयांचें घर’. पूर्वीं ऑल्डगेट भागांत असलेलें हें आश्रयस्थान १९०० सालीं लंडन सिटी मिशन या ख्रिस्ती संस्थेनें येथें आणलें. १९२१ सालीं तें याच रस्त्यावरील चार क्रमांकाच्या घरांत गेलें. हॅकनींतीलच एका तरुणीनें पाठपुरावा केला, तेव्हां २०२२ च्या जूनमध्यें इंग्लिश हेरिटेज संस्थेनें येथें निळी पाटी बसविली.

या घराची गरज कां पडली, हें समजावयास त्या काळच्या प्रवासाची रीत पाहिली पाहिजे. १८६९ सालीं सुएझचा कालवा खुला झाला, आणि हिंदुस्थानांतील गोरे अधिकारी सहकुटुंब मायदेशीं वरचेवर जाऊं लागले. बोटीवर मुलांना न्हाऊं घालणें, भरविणें, निजविणें आणि समुद्र लागून पडलेल्या मडमेची शुश्रूषा करणें हें सारें आयेकडे असे. किनारा आला कीं काम संपलें. कांहीं कुटुंबें तिला ठेवून घेत. पुष्कळशीं तिला निरोप देत.

परतीची खरी सोय अशी असे कीं, मालकीण आयेचें परतीचें तिकीट या घराच्या स्वाधीन करी. हिंदुस्थानांत जाणारें व आया हवी असलेलें दुसरें कुटुंब मिळालें, म्हणजे घराचे चालक तें तिकीट त्याला देत. त्याच्या पैशांतून मधल्या काळांतील आयेचा खर्च भागे. दरवर्षीं सुमारें शंभर स्त्रिया या घरांत येत. त्यांत चीनकडील ‘अमा’ही असत. चालकांचा हेतु धर्मप्रसाराचाही होता, हें लपविण्याचें कारण नाहीं. तथापि डोक्यावर छप्पर होतें.

ज्यांचें तिकीटच दिलें गेलें नाहीं, त्यांची दशा मात्र बिकट होई. १९०८ सालीं एका आयेला हातावर एक पौंड ठेवून किंग्ज क्रॉस स्थानकावर सोडून दिल्याची नोंद आहे. परका देश, परकी भाषा, आणि ज्या मुलांना रात्रंदिवस उराशीं धरलें तीं निघून गेलेलीं! अशा निराधार हिंदी लोकांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीपुढें या घराच्या व्यवस्थापिकेनेंही साक्ष दिली. समितीचा अहवाल १९१० सालचा आहे.

सर्वच आया दीनवाण्या होत्या, असें मात्र नव्हे. अँथनी परेरा नांवाच्या आयेनें अशा ५४ सफरी केल्याचें सांगतात. एवढा समुद्र आपल्या घराण्यांतील किती पुरुषांनीं पाहिला असेल? पण परेराबाईंसारखें नांव क्वचितच उरलें. उतारूंच्या याद्यांत पुष्कळदां ‘अमक्या मडमेची आया’ एवढाच उल्लेख असे.

ही गोष्ट अगदींच जुनी झाली, असेंही म्हणवत नाहीं. घरकामासाठीं मालकाबरोबर ब्रिटनमध्यें येणाऱ्या परदेशी नोकरांना २०१२ पासून सहाच महिन्यांचा परवाना मिळतो. २०१६ पासून त्या मुदतींत मालक बदलतां येतो. पण दोन-तीन महिने उरलेल्या बाईला नवीन काम कोण देणार?

परततांना गाडींत मंडळींना आम्हीं सांगितलें कीं, ‘आया’ हा शब्द पोर्तुगीज ‘आइया’वरून आपल्याकडे आला, आणि त्याचें मूळ लॅटिनमधील आजीवाचक शब्दांत आहे असें मानतात. त्या कांहींच बोलल्या नाहींत. थोड्या वेळानें म्हणाल्या, “मग तुमच्या वाड्यांतली बाय?”

आमच्या वाड्यांत आम्हां सात भावंडांना एका बाईनें अंगाखांद्यावर वाढविलें. तिला सगळीं ‘बाय’ म्हणत. स्वयंपाकघराचा उंबरा तिनें कधीं ओलांडला नाहीं, कारण तिला तो ओलांडूं दिला जात नसे. गोवर आला तेव्हां रात्री उशाशीं बसलेली ती आम्हांस स्पष्ट आठवते. नांव मात्र आठवेना. त्याच रात्री आम्हीं पुण्यास वहिनींना फोन केला.

“भावोजी,” वहिनी म्हणाल्या, “मी या घरांत आलें तेव्हां ती होतीच. सगळीं बाय म्हणत, मीही तेंच म्हणूं लागलें. नांव विचारावें असें कधीं मनांतच आलें नाहीं.”

हॅकनीच्या पाटीवर नांव नाहीं, म्हणून सकाळीं आम्ही हळहळलों होतों. आमच्या वाड्यावर तर पाटीही नाहीं. वाचकांपैकीं ज्यांच्या घरची अशी एखादी बाय अद्याप हयात असेल, त्यांनीं तिचें पूर्ण नांव व गांव तिलाच विचारून आजच लिहून ठेवावें. आम्हांस तें आतां साधणार नाहीं.