कादंबरी हा पुरावा असतो का? एलिझाबेथ गॅस्केल आणि माझा अडलेला लघुप्रबंध

१/ लघुप्रबंधाचे तिसरे प्रकरण मार्गदर्शकांकडून परत आले, तेव्हा एका परिच्छेदाशेजारी लाल शाईत चारच शब्द होते : ‘कादंबरी हा पुरावा नव्हे.’ तो परिच्छेद एलिझाबेथ गॅस्केल या व्हिक्टोरियन लेखिकेविषयी होता. मित्रहो, आजचा धागा तिच्याविषयी आणि त्या चार शब्दांविषयी.

२/ एलिझाबेथचा जन्म २९ सप्टेंबर १८१० रोजी लंडनमध्ये झाला. ती जेमतेम वर्षाची असताना आई वारली. चेशायरमधील नट्सफर्ड या लहानशा गावी मावशीने तिला वाढवले. सागरी व्यापारात असलेला तिचा भाऊ जॉन हिंदुस्थानच्या सफरीवर निघाला आणि परतलाच नाही. १८३२ मध्ये विल्यम गॅस्केल या युनिटेरियन धर्मोपदेशकाशी विवाह होऊन ती मँचेस्टरला आली.

३/ मँचेस्टर म्हणजे सुती कापडाची राजधानी. रविवारी पतीचे प्रवचन ऐकायला येणाऱ्यांत गिरणीमालक असत. आठवड्याच्या इतर दिवशी ती कामगारांच्या घरी मदतीला जाई. ही दोन्ही घरे आतून पाहिलेली माणसे त्या शहरात फार थोडी होती. तिचे सारे लेखन या दुहेरी ओळखीतून आले आहे.

४/ १८४५ मध्ये तिचा नऊ-दहा महिन्यांचा मुलगा विल्यम स्कार्लेट फीव्हरने दगावला. शोकातून मन बाहेर निघावे म्हणून पतीने तिला मोठे काही लिहिण्यास सुचवले. त्यातून ‘मेरी बार्टन’ ही पहिली कादंबरी जन्मली आणि १८४८ मध्ये लेखिकेच्या नावाविना प्रसिद्ध झाली.

५/ तीत जॉन बार्टन या बेकार कामगाराचा लहानगा मुलगा त्याच तापाने आजारी आहे. त्याला सकस अन्न हवे. घरात दमडी नाही. बाप एका दुकानाबाहेर उभा असताना त्याच्याच मालकाची पत्नी मेजवानीचे जिन्नस घेऊन बाहेर पडते. मूल मरते. पुढे बार्टनच्या हातून खून घडतो. लेखिका खुनाचे समर्थन करीत नाही. मात्र ती दुकानाची काच वाचकाला विसरू देत नाही.

६/ गिरणीमालक संतापले. ‘एडिंबरो रिव्ह्यू’त १८४९ मध्ये डब्ल्यू. आर. ग्रेग यांनी तिच्यावर एकांगीपणाचा ठपका ठेवला. ग्रेग स्वतः गिरणीमालकांच्या घराण्यातले. म्हणजे माझ्या समासातला आक्षेप पावणेदोनशे वर्षे जुना आहे, हे पाहून मला थोडा धीर आला.

७/ तो धीर टिकला नाही, कारण चूक माझीच होती. माझा विषय १८६१ ते १८६५ मधील मुंबईच्या कापूस-तेजीचा. अमेरिकेत यादवी पेटली, तेथील कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. लँकेशायरची उपासमार दाखवण्यासाठी मी ‘मेरी बार्टन’चा दाखला दिला होता. पण ती कादंबरी १८३० आणि १८४० च्या दशकांतील हलाखीची आहे! वीस वर्षांपूर्वीची भूक मी १८६२ च्या खात्यावर मांडली होती. मार्गदर्शकांची लाल शाई योग्यच होती.

८/ मग १८६२ मध्ये गॅस्केल काय करीत होती? ती आणि तिच्या मुली मदतकार्यात बुडाल्या होत्या. बेकार झालेल्या गिरणी-कामगार स्त्रियांसाठी शिवणवर्ग चालत. तेथे शिवणकाम शिकवीत आणि थोडी मजुरीही देत. या श्रमांनी तिची प्रकृती ढासळली.

९/ आणखी एक हिशेब. तत्कालीन इंग्रजी कायद्यानुसार पत्नीची कमाई पतीची मानली जाई. तरीही १८६५ मध्ये तिने स्वतःच्या लेखनाच्या बळावर, काही रक्कम कर्जाऊ काढून, हॅम्पशायरमध्ये एक घर घेतले. पतीला न सांगता, त्याच्याच निवृत्तीसाठी. १२ नोव्हेंबरला त्याच घरात, मुलींसोबत बसली असताना, तिला अकस्मात मृत्यू आला. ‘वाइव्ह्ज अँड डॉटर्स’ ही कादंबरी अपुरी राहिली.

१०/ त्याच १८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील युद्ध संपत आले आणि १ जुलैला मुंबईचा शेअर बाजार कोसळला. माझ्या प्रकरणात प्रेमचंद रायचंद होते, बॅक बे कंपनीचे समभाग होते, कापसाचे भाव होते. दुकानाच्या काचेबाहेर उभे असलेले कोणीच नव्हते.

११/ तो परिच्छेद मी काढून टाकला. त्याजागी एक प्रश्न लिहिला : तेजीत मुंबईतील धान्य आणि घरभाडी कडाडली, तेव्हा कुलाब्याच्या कापूस-मैदानावर गासड्या वाहणारा हमाल काय खात होता? उत्तर कादंबरीत मिळणार नाही. भावांच्या नोंदी, मजुरीचे दर आणि वृत्तपत्रे यांतच ते शोधावे लागेल. कादंबरी हा पुरावा नसेलही. पण पुरावा कोणाचा शोधायचा, हे मला एका कादंबरीने सांगितले. प्रकरण पुन्हा मार्गदर्शकांकडे गेले आहे.