नजरेच्या वहिवाटा

मुद्रिते तपासण्याच्या कामात मला आता बारा वर्षे झाली. इंग्रजी किंवा हिंदी लेखाचे मराठी करावे, ते जुळून आले की वाचावे आणि समासात खुणा कराव्यात, असा हा व्यवसाय. दिल्लीत बसून ऱ्हस्व-दीर्घाची राखण करणारा म्हणून घरची मंडळी माझी थट्टा करतात. मला मात्र त्या नजरेचा अभिमान होता. पान हाती येताच चुकलेली वेलांटी जणू आपण होऊन पुढे येऊन उभी राही.

गेल्या पावसाळ्यात हा अभिमान उतरला. अर्भकांच्या अतिसारावर एक लेख होता. त्यात घरच्या घरी जलसंजीवनी करण्याची कृती दिलेली होती: उकळून गार केलेले एक लिटर पाणी, सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. मी ते मुद्रित दोनदा वाचले, सात-आठ वेलांट्या सुधारल्या आणि सही करून पाठवून दिले. एक प्रत घरी आणली होती, ती रात्री आईने सहज हाती घेतली. आईचे शिक्षण चौथीपर्यंत. ओळीखाली बोट धरून ती वाचते. ते बोट एका जागी थांबले.

"अरे, दीड चमचा मीठ? तान्ह्या पोराला?"

जुळणीत ½ च्या आधी एक आगंतुक १ येऊन बसला होता. मीठ तिप्पट झाले होते. इतक्या मिठाने तान्ह्या मुलाच्या रक्तातील सोडियम वाढते, आकडीही येऊ शकते. सकाळी कचेरी उघडण्यापूर्वीच मी मुद्रणालयाच्या दारात जाऊन उभा राहिलो. पान यंत्रावर चढायचे होते, म्हणून निभावले.

दोनदा वाचूनही तो आकडा मला का दिसला नाही, हा प्रश्न मनातून जाईना. त्यापायी मी जे वाचले, त्यातील थोडे येथे सांगतो.

हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहावे. साधारण तेवढ्याच जागेतले आपल्याला अगदी स्पष्ट दिसते. बाकीचे सारे धूसर. डोळा सेकंदाला तीन-चार उड्या घेतो आणि पुढची उडी कोठे घ्यावी हे मेंदूला ठरवावे लागते. ते तो पूर्वानुभवावरून ठरवतो. येल विद्यापीठातील मार्विन चन आणि युहाँग जिआंग यांनी १९९८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर विखुरलेल्या अनेक 'एल' अक्षरांतून एक आडवा पडलेला 'टी' शोधायचा. काही मांडण्या गुपचूप पुनःपुन्हा दाखवल्या जात. त्या मांडण्यांत 'टी' लवकर सापडू लागला, पण "ही मांडणी पूर्वी पाहिली होती का?" असे विचारता लोकांना ती ओळखता येईना. शिकलेले होते, शिकल्याचा पत्ता नव्हता!

या शिकण्याला दुसरी बाजूही आहे. जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली, सामानाच्या क्ष-किरण चित्रांसारख्या चित्रांतून अवजारे शोधायला लावली. निम्म्या चित्रांत वस्तू असे तेव्हा शेकडा ७ वेळा ती नजरेतून सुटली. शंभरात एकदाच असे तेव्हा शेकडा ३०. क्वचित भेटणाऱ्या गोष्टीची मेंदू फार वेळ वाट पाहत नाही.

माझेही तेच झाले होते. बारा वर्षांत वेलांट्या हजारोंनी चुकलेल्या पाहिल्या, आकडे क्वचितच. माझ्या नजरेच्या वहिवाटा वेलांट्यांवरून जात, चमच्यांवरून नव्हे. आईची नजर मात्र पन्नास वर्षे मिठाच्या बरणीशी वावरलेली. तिला वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ याचे सोयरसुतक नाही. तो दीड चमचा मात्र तिला खड्यासारखा टोचला.

तेव्हापासून आकड्यांसाठी मी एक वेगळे वाचन करतो, तेही शेवटच्या ओळीपासून वर. कंटाळवाणे आहे, आणि वेळही बराच जातो. खाण्यापिण्याची आणि औषधपाण्याची पाने आईकडे जातात. परवाच्या खिचडीत हिंग फार कमी असल्याचे तिने बजावले आहे. ताडून पाहिले, मूळ लेखिकेनेच तेवढा सांगितला आहे, म्हणून तसाच ठेवला.